तेलटंचाईचा मार पंपावर नव्हे, उधारीवर

आखातात कुठे बॉम्ब पडला, कुठे तेलवाहू जहाज अडले, की त्याची पहिली खबर आमच्या बाजारात टेम्पोवाला आणतो. "सेठ, डिझेल वाढणार, भाडे वाढवून द्या." भिवंडीचा टेम्पो असो की सुरतेचा ट्रक असो, भाडे आधी वाढते आणि डिझेल मागाहून. मग चहाच्या टपरीवर व्यापारी मंडळीही डिझेलचेच रडगाणे गातात. तेलटंचाई म्हणजे डिझेल महाग, एवढीच आपली समजूत असते. आमच्या मते ही समजूत अपुरी आहे आणि तिच्यापायी छोट्या बेपाऱ्याचे व कारागिराचे नुकसान होत आले आहे. अशा वेळी सरकार काय करते, तेल कंपन्या काय करतात आणि कोणत्या क्रमाने करतात, हे नीट पाहिले तर मार कोठून येतो ते कळते.

आधी साधा हिशेब मांडू. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबईत डिझेल लिटरला ९४ रुपये १४ पैसे होते. युक्रेनच्या युद्धानंतर एप्रिल २०२२ मध्ये ते १०४ रुपये ७७ पैशांवर गेले. म्हणजे वाढ साडेदहा रुपयांच्या आसपास. भिवंडीहून मुलुंड नाक्यावरून घाटकोपरला येणारा टेम्पो जाऊन-येऊन ७० किलोमीटर चालतो असे धरा आणि लिटरला १० किलोमीटर देतो असे धरा. फेरीला ७ लिटर, म्हणजे जादा खर्च पाऊणशे रुपये. टेम्पोत ५० तागे असले तर ताग्यामागे दीड रुपया. सुरतेहून दहिसर नाक्याने येणारा ट्रक २८० किलोमीटरला ७० लिटर पितो असे धरले तर जादा खर्च साडेसातशे रुपये. ट्रकमध्ये ९ टन माल असला तर किलोला ८ पैसे. आता सांगा, किलोला ८ पैशांनी आजवर कोणाचे दुकान बुडाले आहे?

तरीही २०२२ चा उन्हाळा आपल्यापैकी अनेकांना जड गेला, ही गोष्ट खरी आहे. कारण कापडाच्या धंद्यात तेल ट्रकच्या टाकीतून थोडे येते आणि धाग्यातून फार येते. पॉलिएस्टर हे शेवटी जमिनीतल्या तेलाचेच पोर आहे. कच्च्या तेलापासून नाफ्था, नाफ्थापासून रसायने, रसायनांपासून यार्न. आपल्याच रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला १९८२ पासून पॉलिएस्टर यार्न निघू लागले, तेव्हापासून भिवंडीच्या मागांवर सुताबरोबर हा धागाही चढला आणि कच्च्या तेलाचा भाव आमच्या वहीत येऊन बसला. त्यात प्रोसेस हाऊसच्या बॉयलरचे इंधन मिळवा, रंग-रसायनांचे भाव मिळवा. एवढे सारे मिळवूनही जो सर्वांत मोठा खर्च उरतो तो कोणत्याच बिलावर लिहिलेला नसतो. तो असतो उधारीचा. हे समजण्यासाठी १९९०-९१ कडे जावे लागेल.

सहारच्या धावपट्टीवर

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळले. भारताच्या तेल आयातीत या दोन देशांचा वाटा मोठा होता आणि तो एका रात्रीत बंद झाला. जुलैत पिंपाला १७ डॉलरच्या आसपास असलेले तेल ऑक्टोबरमध्ये ४० डॉलरवर गेले. आम्ही तेव्हा नुकतेच वडिलांच्या गादीवर बसू लागलो होतो. अंधेरीच्या सहार विमानतळावर अम्मानहून विमानांमागून विमाने उतरत होती. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय कुवेत-इराकमधून परत आणले गेले, त्यातले फार मोठे प्रमाण मुंबईमार्गे. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी मोहल्ल्यांची चूल कुवेतच्या पगारावर पेटत होती. हातात पिशवी, खिशात चालत नसलेले दिनार, अशा अवस्थेत माणसे बाहेर पडत होती. त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या आयोगामार्फत नुकसानभरपाई मिळाली खरी, पण त्याला पुढे वर्षे लागली.

सरकारने पहिले काम केले ते भाव वाढवण्याचे. ऑक्टोबर १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारने पेट्रोलियम पदार्थांवर २५ टक्के अधिभार लावला. हा सर्वांना दिसला. वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आला, मोर्चे निघाले. पण त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने आणखी एक गोष्ट केली, तिच्यासाठी कोणी मोर्चा काढला नाही. आयात करणाऱ्याने बँकेत मालाच्या किमतीच्या ५० टक्के रोख रक्कम आधी ठेवावी, असा नियम आला. देशाकडचे डॉलर तेलासाठी राखायचे, तर इतरांची आयात आवळायची, असा त्यामागचा विचार.

पुढची गंमत नीट ध्यानात घ्यावी. १७ जानेवारी १९९१ रोजी युद्ध सुरू झाले आणि तेलाचा भाव चढण्याऐवजी कोसळला, २० डॉलरच्या आसपास आला. (त्याच महिन्यात सहारच्या विमानतळावर अमेरिकेची लष्करी विमाने इंधन भरून जात होती, आणि आमच्या वस्त्यांत बायका रॉकेलच्या रांगेत डबे लावून उभ्या होत्या. असो.) तेल स्वस्त झाले, तर संकट संपायला हवे होते. संपले नाही. परकीय चलनाची गंगाजळी जानेवारीत १२० कोटी डॉलरपर्यंत खाली गेली होती. आधीच्या काही वर्षांत सरकारने कर्ज काढून खर्च चालवला होता, त्यावर तेलाच्या बिलाने घाव घातला. मार्च १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेने रोख ठेवीचे प्रमाण १३३ टक्क्यांवर नेले आणि एप्रिलमध्ये २०० टक्क्यांवर.

२०० टक्के म्हणजे काय, ते आकड्यात सांगतो. एक लाखाचे रंग-रसायन मागवायचे तर दोन लाख रुपये आधी बँकेत अडकवायचे. मेमध्ये आयातीच्या बँक कर्जावर व्याजाचा अधिभार बसला. त्या वर्षात मोठ्या कर्जाचे व्याजच १९-२० टक्क्यांच्या घरात गेले. मशीद बंदरच्या रसायनाच्या मोठ्या व्यापाऱ्याने हे कसे सोसले? त्याने सोसलेच नाही. त्याने ६० दिवसांची उधारी बंद केली आणि प्रोसेसवाल्याला रोकडा आणायला सांगितले. प्रोसेसवाल्याने आम्हाला रोकडा मागितला. आम्ही कोणाला मागणार? गिऱ्हाईक तर कमी झालेले. एप्रिल १९९१ च्या रमजान ईदेला कोकणातले कुवेतवाले घराणे आमच्या दुकानात आले नाही. जे आले त्यांनी मुलांपुरते कापड घेतले. साखळीच्या अगदी टोकाला होता साकीनाका-असल्फ्याच्या गल्लीतला जरीवाला आणि शिलाईवाला. त्याच्याकडे ना बॉयलर, ना ट्रक, ना आयातीचा परवाना. तेलाशी त्याचा संबंध स्टोव्हपुरता. तरी त्याची मजुरी सर्वांत आधी थकली, कारण ज्याला थकवता येते त्याचीच बाकी थकते.

मे १९९१ मध्ये तस्करांकडून जप्त केलेले २० टन सोने स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडला गेले. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने आणखी सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंडकडे ठेवले, आणि ते फोर्टातून निघून सहारच्याच विमानतळावरून उडाले. वर्षभरापूर्वी जेथे कुवेतची माणसे उतरली तेथूनच घरचे सोने बाहेर गेले. १ आणि ३ जुलैला रुपयाचे अवमूल्यन झाले, डॉलर २१ रुपयांवरून २६ रुपयांच्या जवळ गेला. तेलाचा भाव उतरून तोवर सहा महिने होऊन गेले होते, हे विसरू नये. टंचाई तेलाची होती, तिचे बिल चलनाच्या आणि व्याजाच्या रूपाने आले, आणि ते उशिरा आले.

माहुलचे मालक

सरकारची बाजू पाहिली, आता कंपन्यांची. घाटकोपर-चेंबूरच्या लोकांना माहुलच्या चिमण्या नव्याने सांगायला नकोत. तेथे १९५४ साली एका अमेरिकी कंपनीचा आणि १९५५ साली बर्मा शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना उभा राहिला. अमेरिकी कारखाना पुढे एस्सोच्या नावाने चालला. या कंपन्या आपल्याच मूळ कंपनीकडून, तिने ठरवलेल्या भावाने कच्चे तेल आणत. १९६० मध्ये सोव्हिएत रशियाने स्वस्त तेल देऊ केले. के. डी. मालवीय तेव्हा तेलखाते पाहत होते, त्यांनी ते शुद्ध करण्याचा आग्रह धरला. कंपन्यांनी साफ नकार दिला. मात्र नंतर स्वतःच्या तेलावर थोडी सूट दिली. दुसरे दुकान दिसले की जुना दुकानदार नरमतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध झाले, अरब देशांनी अमेरिका आदी राष्ट्रांना तेल बंद केले आणि तीन डॉलरचे पिंप जानेवारी १९७४ पर्यंत पावणेबारा डॉलरच्या आसपास गेले. भारतावर बहिष्कार नव्हता, पण भाव सर्वांना तोच. पेट्रोल इतके महाग झाले की नोव्हेंबर १९७३ मध्ये अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीत बसून संसदेत गेले. उपनगरांत त्या वर्षांत महागाईविरुद्ध बायकांची चळवळ जोरात होती, गोरेगावच्या मृणाल गोरे यांचे लाटणे मोर्चे जुन्या लोकांना आठवत असतील. आम्ही तेव्हा अगदी लहान होतो, हे सारे वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले.

इंदिरा गांधींच्या सरकारने तेव्हा जे केले ते पुढच्या सरकारांना जमले नाही, असे आमचे मत आहे. इराण-इराककडून काही तेल उधारीवर मिळवले. १९७४ ते १९७७ या काळात एस्सो, बर्मा शेल आणि कॅलटेक्स या तिन्ही कंपन्यांचा कारभार सरकारने ताब्यात घेतला, त्यातून हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम उभ्या राहिल्या. आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या जहाजाने मुंबईच्या समुद्रात तेल शोधले. मे १९७६ मध्ये बॉम्बे हायचे उत्पादन सुरू झाले. त्या तेलाने ऐंशीच्या दशकात देशाची सुमारे दोन-तृतीयांश गरज देशातच भागू लागली. पण १९८९-९० मध्ये ३ कोटी ४० लाख टनांवर गेलेले देशाचे उत्पादन १९९२-९३ मध्ये २ कोटी ७० लाख टनांवर घसरले. कुवेतचे संकट आले ते नेमक्या या उतारावर.

कंपन्या सरकारच्या झाल्या म्हणून सामान्य माणसाला भाव कमी लागला, असेही सरसकट नाही. सरकार भाव ठरवी, आयात महाग पडली तर फरक तेल समायोजन खात्यात, म्हणजे 'ऑइल पूल'मध्ये टाकी. ती मोठी वहीच म्हणा. आज गिऱ्हाइकाला स्वस्त, कंपनीचे येणे वहीत, आणि वही भरली की एके दिवशी एकदम भाववाढ. एप्रिल २००२ मध्ये ही पद्धत मोडली, पण सवय मोडली नाही. २००५ नंतर काही वर्षे सरकारने कंपन्यांना रोख देण्याऐवजी तेल रोखे दिले, त्यांची फेड २०२६ पर्यंत लांबली. पेट्रोलचा भाव जून २०१० मध्ये आणि डिझेलचा ऑक्टोबर २०१४ मध्ये कंपन्यांच्या हाती दिला. जून २०१७ पासून भाव रोज बदलू लागला.

भाव गोठतो तेव्हा

रोज बदलणारा भाव कधी गोठतो, हे मात्र पाहण्यासारखे आहे. ४ नोव्हेंबर २०२१ पासून २२ मार्च २०२२ पर्यंत, म्हणजे १३७ दिवस, पंपावरचा भाव हलला नाही. मध्यंतरी पाच राज्यांच्या निवडणुका झाल्या, युक्रेनचे युद्ध सुरू झाले, कच्चे तेल मार्चमध्ये घटकाभर १३९ डॉलरला शिवले. पंप शांत. या काळात कंपन्यांनी मोठ्या खरेदीदारांचा भाव मात्र सोडला नाही. मार्च २०२२ मध्ये मुंबईत पंपावर डिझेल ९४ रुपयांना होते आणि कारखाने, मॉल, बससेवा यांना थोक डिझेल १२२ रुपयांना. साहजिकच थोकवाले पंपावर आले. ज्यांना आपल्या टाक्यांत तेल उतरवून घेण्याची सवय ते पिंप घेऊन रांगेत. खासगी कंपन्यांना या भावाने विकणे परवडेना, त्यांनी पंपांवरची विक्री आवळली. शेवटी जून २०२२ मध्ये केंद्र सरकारला फर्मान काढावे लागले की ज्याने पंपाचा परवाना घेतला त्याने पंप चालूच ठेवला पाहिजे.

गोठलेल्या भावाचा तोटा कोणाचा? एप्रिल ते जून २०२२ या तीन महिन्यांत एकट्या हिंदुस्थान पेट्रोलियमला १०,००० कोटींहून अधिक तोटा झाला. पुढे तेल उतरले, पण पंपावरचा भाव गोठलेलाच राहिला. मुंबईत जुलै २०२२ पासून मार्च २०२४ पर्यंत पेट्रोल १०६ रुपये आणि डिझेल ९४ रुपये. २०२३-२४ या वर्षात तिन्ही सरकारी कंपन्यांचा मिळून नफा ८०,००० कोटींवर गेला. कंपनीने उधार दिले आणि वसूल केले. फरक एवढाच की तिला वसुलीसाठी दारोदार फिरावे लागत नाही.

सरकारचा गल्ला आणखी वेगळ्या रीतीने चालतो. मे २०२० मध्ये टाळेबंदीमुळे जगात तेल मातीमोल झाले, तेव्हा केंद्राने पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये उत्पादन शुल्क वाढवून ती स्वस्ताई वरच्या वर काढून घेतली. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये त्यातले बरेचसे सोडले, राज्याने जुलै २०२२ मध्ये पेट्रोलला ५ आणि डिझेलला ३ रुपये कमी केले. वर्तमानपत्रांनी त्याला दिलासा म्हटले. आपण व्यापारी असल्या सवलतीला काय म्हणतो ते येथे लिहीत नाही.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की काही कामे शहाणपणाची झाली. १९७३ च्या फटक्यानंतर श्रीमंत राष्ट्रांनी १९७४ मध्ये आपली ऊर्जा संस्था काढली आणि ९० दिवसांच्या आयातीइतका साठा ठेवण्याचे बंधन घालून घेतले. भारताने उशिराने का होईना, विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर येथे खडकात गुहा खोदून ५३ लाख टनांची सोय केली. सारा साठा देशाला साडेनऊ दिवस पुरावा एवढाच, पण २०२० मध्ये भाव पडला असताना त्या गुहा सरासरी १९ डॉलरच्या तेलाने भरून घेतल्या. मंदीत माल भरणे यालाच म्हणतात. आणि १९६० मध्ये माहुलच्या विदेशी मालकांनी जे रशियाचे तेल नाकारले, तेच २०२२ नंतर त्यांच्या सरकारी वारसांनी सवलतीत भरभरून घेतले. युद्धाआधी भारताच्या आयातीत रशियाचा वाटा दोन टक्केही नव्हता, २०२३ मध्ये तो एक-तृतीयांशाच्या वर गेला.

रांगेची टंचाई आणि बिनरांगेची टंचाई

आता आपल्या बाजूला येऊ. जानेवारी २००९ मध्ये तेल कंपन्यांच्या अधिकाऱ्यांनी संप केला, मुंबईचे पंप कोरडे पडले, गॅसअभावी रिक्षा-टॅक्सी थांबल्या. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत टँकरचालक नव्या कायद्याविरुद्ध उतरले आणि बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पंपांवर झुंबड उडाली. दोन्ही वेळा केवढा गोंधळ. आठवड्याभरात सारे विसरले. आमच्या वहीत त्या दोन घटनांची एक ओळही नाही. १९९१ मध्ये पंपावर अशी झुंबड नव्हती, आणि ते वर्ष फेडायला आमच्या वडिलांना १९९४ उजाडले.

म्हणून आमचे सांगणे असे की आखातातली बातमी आली की पंपाकडे पाहू नये. डॉलर किती रुपयांवर गेला ते पाहावे. रिझर्व्ह बँकेने व्याजाविषयी आणि आयातीविषयी काय म्हटले ते आतल्या पानावर छापलेले असते, ते वाचावे. यार्नवाल्याने उधारीचे दिवस ६० वरून ३० वर आणले की समजावे, संकट गल्लीत शिरले. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण युद्धात होर्मुझची सामुद्रधुनी बंद होणार अशी आवई उठली, कच्चे तेल दहा-बारा दिवस उसळले आणि बसले. पंपावरचा भाव हललाही नाही. पण आमच्या ओळखीच्या दोन कारखानदारांना त्याच आठवड्यात रसायन रोकड्याने घ्यावे लागले.

एक गोष्ट मात्र आपल्या हातात आहे. २०२२ मध्ये प्रोसेस हाऊसवाल्यांनी मीटरमागे 'फ्युएल चार्ज' म्हणून वेगळी रक्कम लावली. तेल उतरले, तो चार्ज उतरला नाही, नुसते नाव बदलून मूळ दरात मिसळला गेला. टेम्पोवाल्याचेही तेच. घाटकोपर, साकीनाका, कुर्ला येथील कापडवाल्यांनी एकत्र बसून वर्षाच्या करारातच लिहून घ्यावे की डिझेल अमुक रुपयांवर गेले तर भाडे इतके वाढेल आणि अमुकच्या खाली आले तर तितकेच कमी होईल. त्याच कागदावर दुसरी ओळ लिहावी, जरीवाल्याची आणि शिलाईवाल्याची मजुरी किती दिवसांत द्यायची. पहिल्या ओळीवर सगळे लगेच सही करतील. दुसऱ्या ओळीवर किती जण करतात ते आम्हालाही पाहायचे आहे.